दौत कोणाच्या हातीं ?

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या दौतींत लेखणी बुडवून ते तह लिहिले गेले, त्या दौतीचाहि कांहीं इतिहास असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नित्याच्या वापरांतील वस्तु सदैव डोळ्यांपुढें असते, म्हणूनच ती दिसत नाहीं. ती एखादे दिवशीं अडून बसली म्हणजे मात्र तिच्याकडे लक्ष जातें. प्रस्तुत लेखास असेंच एक अडणें कारण झालें आहे.

आमचें बिऱ्हाड विश्रामबागेंत आहे. सांगली आणि मिरज या पटवर्धनांच्या दोन जुन्या राजधान्यांच्या मध्यें ही वस्ती पसरलेली आहे. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन कॉलेज येथेंच. १९४७ सालीं निघालेलें व पुढें वालचंद या नांवानें प्रसिद्धीस आलेलें अभियांत्रिकीचें कॉलेजहि येथेंच. अर्थात् विद्यार्थी, प्राध्यापक, निबंध, अहवाल आणि अर्ज यांचा येथें कधींच तुटवडा नसतो. माझी भाची शिक्षणासाठीं आमच्याकडे राहते. गेल्या पावसाळ्यांत, तिचा एक अहवाल दुसऱ्या दिवशीं सकाळीं द्यावयाचा असतां, रात्रीं अकराच्या सुमारास घरांतील प्रिंटर मध्येंच थांबला. "मामा, मजकूर सगळा काळा आहे, काळी शाईहि आहे, पण पिवळी संपली म्हणून हा छापायला तयार नाहीं," असें ती रडवेल्या स्वरांत सांगूं लागली. मला तें खरेंच वाटेना. परंतु यंत्राच्या पाटीवर अक्षरशः तसाच निरोप उमटला होता.

दुसऱ्या दिवशीं दुकानांत गेलों तेव्हां कळलें कीं, काळी आणि रंगीत अशा दोन नव्या कार्ट्रिजांची किंमत मिळून जवळजवळ यंत्राच्याच किंमतीला भिडते. दुकानदार भला मनुष्य होता. तो म्हणाला, "काका, त्यापेक्षां नवीन मशीनच घ्या, त्याच्याबरोबर शाई येतेच." शाई संपली कीं दौतच टाकून द्यावी आणि नवी आणावी, हा हिशेब माझ्या आजीनें ऐकला असता तर तिनें कपाळावर हात मारून घेतला असता. घरीं परत येतांना मनांत एकच प्रश्न घोळत होता : दौत आमच्या घरांत, वीज आमची, कागद आमचा, मग शाई घालण्याचा अधिकार तेवढा दुसऱ्याच्या हातीं केव्हां आणि कसा गेला? या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां बरेंच मागें जावें लागलें, आणि त्या वाटेवर पहिला मोठा मुक्काम घराजवळच, मिरजेस घडला.

जुन्या काळीं शाई करणें हें घरगुती काम होतें. दिव्याच्या ज्योतीवर भांडें पालथें धरून काजळ जमवावें, बाभळीचा डिंक पाण्यांत भिजवावा, आणि दोन्ही एकत्र करून खलावें. खल जितका अधिक तितकी शाई अधिक काळी व वाहती. तिचे दोन प्रकार मानीत. नुसत्या डिंकांत घोटलेली ती कच्ची. रोजचा जमाखर्च व किरकोळ पत्रव्यवहार तिच्यावर भागे. लाख आणि टाकणखार पाण्यांत उकळून त्यांत काजळ घोटलें म्हणजे ती पक्की. पोथ्यांसाठीं ती वापरीत, कारण ओल लागली तरी तिचें अक्षर सहसा फुटत नसे. बोरू ओढ्याकांठीं मिळे, काजळ देवघरांत मिळे, आणि ओलें अक्षर टिपण्यास नदीची बारीक वाळू असे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. ओळी कशा असाव्या, पानाभोंवतीं जागा किती सोडावी, साहित्य कसें जमवावें, हें मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथांत इतक्या तपशिलानें यावें याचें प्रथमदर्शनीं आश्चर्य वाटतें. पण जो समाज आपले ग्रंथ स्वतः उतरून घेतो, त्याला लेखनसाहित्य ही क्षुद्र गोष्ट वाटत नाहीं. त्या काळीं अक्षराला मर्यादा दोनच होत्या : लिहिणाऱ्याच्या हाताची आणि त्याच्या वेळेची. शाईची मर्यादा मात्र नव्हती.

मग छापण्याची कला आली. गोव्यास छापखाना १५५६ सालींच पोंचला होता, आणि १६१६ सालीं फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण तेथें छापून निघालें. परंतु त्याची भाषा मराठी असली तरी लिपी रोमन होती, आणि त्या विद्येचा प्रसार देशावर झाला नाहीं. आपल्या लोकांनीं आपल्या लिपींत कांहीं छापण्याचा जो उद्योग केला, त्याचा धागा पुण्याहून मिरजेस येतो. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट पेशव्यांच्या दरबारीं असतां, तांब्याच्या पत्र्यावर खोदकाम करून छापण्याची युक्ति पुण्याच्या एका तांबटास अवगत झाली, आणि नाना फडणवीसांच्या आश्रयानें भगवद्गीतेचे पत्रे खोदण्यास आरंभ झाला. सन १८०० मध्यें नाना वारले. कारागिराचा आश्रय तुटला. तेव्हां मिरजेचे अधिपति गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनीं त्याला आपल्याकडे ठेविलें, आणि शके १७२७ मध्यें, म्हणजे सन १८०५ सालीं, मिरजेस ती गीता छापून पुरी झाली. भारतांतील मुद्रणाचा इतिहास धुंडाळणारे अ. का. प्रियोळकर यांनीं १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत नमूद केली आहे.

या पद्धतींत अक्षर पत्र्यांत उलटें कोरलेलें असतें. दाट शाई त्या चरांत भरावयाची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करावयाचा, आणि ओलसर कागद वर ठेवून दाब द्यावयाचा, म्हणजे चरांतील शाई कागद उचलून घेतो. प्रत्येक पानास एक पत्रा. चमत्कार असा कीं, त्याच १८०५ सालीं, तिकडे बंगालमध्यें श्रीरामपुरास विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें. खिळे मोडून पुन्हां जुळवितां येतात. पत्र्यावरील गीता जन्मभर गीताच राहते. म्हणून पुढचा काळ श्रीरामपूरच्या पद्धतीचा ठरला आणि मिरजेचा प्रयोग तेथेंच थांबला. तरीहि त्याचें मोल कमी होत नाहीं. एक तांबट आणि एक सरदार यांनीं परक्या यंत्राची वाट न पाहतां, गांवांत मिळणाऱ्या तांब्यावर आपला ग्रंथ आपल्या अक्षरांत छापला, ही गोष्ट विश्रामबागेंत राहणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी ऐकलेली असावी.

मिरजेनंतर सव्वीस वर्षांनीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं हाच धागा पुढें नेला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम पाहून हा मनुष्य शिकला, स्वतः खटपट करून त्यानें शिळाप्रेस उभा केला, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. दगडावर तेलकट शाईनें लिहावयाचें, दगड ओला करावयाचा, आणि पाणी व तेल यांच्या हाडवैराचा फायदा घेऊन कागदावर ठसा उठवावयाचा, ही शिळाछापाची किमया. पण गणपत कृष्णाजींचें खरें कर्तृत्व यंत्रापेक्षांहि शाईंत दिसतें. छापण्याच्या शाईंत चरबी असते, तेव्हां छापील पंचांग हातीं धरावें तरी कसें, अशी शंका सोवळ्या मंडळींनीं काढली. त्यावर त्यांनीं तुपाची शाई तयार केली, असें सांगतात. आज आपणांस ही गोष्ट गमतीची वाटेल. परंतु तिच्यांतील मर्म असें कीं, गिऱ्हाइकाची अडचण पाहून शाई बदलण्याची मोकळीक छापणाऱ्याला होती, कारण शाई त्याच्याच खलबत्त्यांत तयार होत होती. तीच जर विलायतेहून मोहोरबंद डब्यांत येत असती, आणि दुसरी शाई घातल्यास यंत्र चालणार नाहीं अशी अट असती, तर घरोघरीं छापील पंचांग पोंचण्यास आणखी किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे !

पुढें शाई हळूहळू घरांतून बाजारांत गेली. पोलादी टांक आले, मग फाउंटन पेन आलें, आणि काजळाची शाई त्या बारीक नळींत गोठूं लागली. तेव्हां रंगाच्या पातळ शाईची गरज पडली. ती प्रथम परदेशांतून येई. स्वदेशीच्या चळवळीनें या उणीवेकडेहि लक्ष वेधलें. मुंबईस दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं 'घोडा छाप' शाईची पूड विकण्यास आरंभ केला; त्याच उद्योगांतून पुढें 'कॅमल' शाई व आजचें कॅम्लिन हें नांव निघालें. बंगालमध्यें १९३४ च्या सुमारास 'सुलेखा' शाई निघाली ती अशाच प्रेरणेनें. पुडी पाण्यांत विरघळवून दौत भरणाऱ्या पिढींतील माणसें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलीं असतील. शाई आतां बाजाराची झाली होती हें खरें. पण दौत अजून उघडी होती. कोणत्याहि दुकानची शाई कोणत्याहि दौतींत चाले.

या उघडेपणाचें महत्त्व बेचाळीसच्या चळवळीच्या काळांत या आपल्या जिल्ह्यानेंच अनुभवलें. तेव्हां सांगलीचा पुष्कळसा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडत असे, आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार तेथें उभें राहिलें होतें. देशभर भूमिगतांचीं पत्रकें सायक्लोस्टाइलवर निघत. मेणकागदावर कोरलेला मजकूर, एक रूळ आणि डबाभर शाई, एवढें त्या यंत्राचें भांडवल. छापखान्यांवर पहारे बसवितां येत. परंतु ज्या यंत्रांत कोठलीहि शाई घालून, कोठल्याहि खोलींत, कोणीहि चार हात फिरवूं शकतो, त्याच्यावर पहारा कोण आणि कसा बसविणार?

यानंतर बॉलपेन आलें आणि त्याबरोबर आपल्या भाषेंत एक मौजेचा शब्द रूढ झाला : रिफिल. मूळ अर्थ 'पुन्हां भरणें'. परंतु आपण रिफिल कधीं भरीत नाहीं. संपलेली टाकून नवी घालतों. शब्द भरण्याचा आणि कृति फेकण्याची, ही विसंगति कोणाला खटकलीहि नाहीं, कारण ती नळी एक-दोन रुपयांची होती. संवय मात्र तेथेंच लागली. दौत भरावयाची असते, ही कल्पनाच एका पिढीच्या मनांतून पुसली गेली. घरगुती प्रिंटरचे व्यापारी आले तेव्हां ही जमीन आधींच नांगरून तयार होती.

आतां या प्रिंटरची जन्मकथा थोडक्यांत पाहूं. नळाची धार अगदीं बारीक केली तर खालीं येतां येतां ती तुटून तिचे थेंब होतात, हें आपण रोज पाहतों. तें कां होतें याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १८७८ सालीं मांडलें. त्याच्याहि आधीं, १८६७ सालीं, लॉर्ड केल्विन यांनीं समुद्रांतील तारायंत्राचे क्षीण संदेश टिपण्यासाठीं विजेच्या जोरानें शाईचे तुषार कागदावर सोडणारें यंत्र केलें होतें. परंतु घरांत ठेवण्याजोगा प्रिंटर होण्यास आणखी शतकभर जावें लागलें. १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत इचिरो एंडो यांच्या हातून, कथिलाचा डाग देण्याचें तापलेलें हत्यार शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागलें, आणि सुईच्या टोंकांतून शाई उडाली. उष्णतेनें आंत बुडबुडा होतो आणि तो थेंबास बाहेर ढकलतो, हें त्या अपघातानें शिकविलें. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्डच्या लोकांनीं स्वतंत्रपणें हीच वाट धरली, आणि १९८४ सालीं त्यांचा अशा प्रकारचा पहिला प्रिंटर बाजारांत आला. एप्सन कंपनीनें निराळा मार्ग घेतला : विजेनें वांकणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्यानें थेंब उडवावयाचा, तेथें शाई तापवावी लागत नाहीं. दोन्ही प्रकारांत छिद्रें केसाहून बारीक असतात, आणि एकेक थेंब इतका लहान कीं एका लिटरमध्यें ते अब्जावधि मावतील. तांब्याच्या पत्र्यानें कागद दाबला, खिळ्यानें दाबला, दगडानेंहि दाबला; हें यंत्र मात्र कागदाला स्पर्श न करतां लिहितें. मुद्रणाच्या इतिहासांत ही गोष्ट खरोखर अपूर्व आहे.

मग कार्ट्रिज कोठून आली ? न्यायबुद्धीनें सांगावयाचें तर तिचा जन्म लबाडींतून झालेला नाहीं. शाई उडविणारें मुख, ज्याला दुकानदार नुसतें 'हेड' म्हणतात, तें लवकर बुजे. तेव्हां हेड आणि शाई एकाच डबींत घालावी, आणि शाई संपली कीं दोन्ही बदलावीं, म्हणजे गिऱ्हाइकाला दर वेळीं नवें हेड मिळतें, हा विचार कारागिराचा होता. लवकरच व्यापाऱ्याच्या ध्यानांत आलें कीं, यंत्र एकदांच विकलें जातें, डबी मात्र पुन्हां पुन्हां. म्हणून यंत्र स्वस्त केलें आणि नफा डबींत ठेवला. हा डाव जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें चीनमध्यें रॉकेलचे दिवे अल्प किंमतीस पसरविले ते रॉकेल खपावें म्हणूनच. पण तेथें आणि येथें एक भेद आहे. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनीं वापरला त्यांना ठाऊक आहे कीं, कंदिलाला तेल कोणाचें हें कळत नसे. प्रिंटरला तें कळूं लागलें. डबीवर एक इवलासा विजेचा तुकडा, म्हणजे चिप, बसविण्यांत आला. ही डबी आपल्या मालकाची आहे कीं नाहीं आणि तिच्यांतून किती पानें निघालीं, हें ती यंत्राला सांगते; आणि डबींत शाई शिल्लक असली तरी हिशेबानें संपली म्हणजे संपली. दौतीला कुलूप लागलें तें येथें.

लोकांनीं हें मुकाट्यानें सोसलें असें मात्र नाहीं. गल्लोगल्लीं पिचकारी आणि सुई घेऊन रिकाम्या डब्या भरून देणारे कारागीर निघाले. शाईनें बरबटलेलीं त्यांचीं बोटें आणि टेबलावरचे रंगीत डाग आपल्यापैकीं पुष्कळांस आठवत असतील. भरलेली डबी कधीं चाले, कधीं गळे, कधीं यंत्र तिला ओळखच देत नसे. कांहींनीं याहिपुढें जाऊन यंत्राच्या बाहेर चार बाटल्या ठेविल्या आणि बारीक नळ्यांनीं त्या आंतल्या हेडांना जोडल्या. तिकडे अमेरिकेंत हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि वस्तु एकदां विकली म्हणजे तिच्यावरील पेटंटाचा हक्क संपतो, विकत घेणाऱ्यानें ती पुन्हां भरली वा विकली तरी विकणाऱ्यानें पेटंटाच्या नांवानें आडवें येऊं नये, असा निर्णय २०१७ सालीं लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत झाला. गिऱ्हाइकाच्या बाजूचा हा मोठा निर्णय. तथापि कायद्यानें उघडलेलें दार चिपेला बंद ठेवतां येतेंच.

खरा बदल घडविला तो न्यायालयानें नव्हे, तर आशियांतील काटकसरी गिऱ्हाइकानें. इंडोनेशियासारख्या देशांत दुकानदार सर्रास बाहेरच्या बाटल्या व नळ्या जोडून देत. कार्ट्रिजचा खप होईना. तेव्हां लोक जें चोरून करतात तेंच आपण उघड कां करूं नये, असा शहाणा विचार करून एप्सननें २०१० सालीं तेथें टाकीचा प्रिंटर आणला. यंत्राच्या अंगालाच पारदर्शक टाक्या, आणि त्या भरण्यासाठीं शाईच्या बाटल्या. यंत्र महाग, शाई स्वस्त. पूर्वीचा हिशेब उलटा झाला. थोड्याच काळांत हे प्रिंटर भारतांत आले, आणि २०१५-१६ च्या सुमारास कॅनन व एच. पी. यांनींहि आपापलीं टाकीचीं यंत्रें काढलीं. गल्लींतील पिचकारीवाल्यानें मोठमोठ्या कारखान्यांना त्यांचा धंदा बदलण्यास लाविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मिरजेच्या तांबटाच्या कुळांतलेच हे लोक. त्यांचीं नांवें मात्र कोठेंहि लिहून ठेविलेलीं नाहींत.

तर मग घरासाठीं प्रिंटर घेणाऱ्यानें काय पाहावें ? इतिहासाचा उपयोग शेवटीं व्यवहारांत झाला पाहिजे, म्हणून आम्ही काय विचार केला तें सांगतों.

पहिली गोष्ट, यंत्राची किंमत एकटी पाहूं नये; पानाची किंमत पाहावी. समजा, एक यंत्र ४,००० रुपयांस मिळतें व त्याचें पान ४ रुपयांस पडतें. दुसरें १२,००० रुपयांस मिळतें व त्याचें पान ३० पैशांस पडतें. महिन्यास १०० पानें निघत असतील तर दुसऱ्या यंत्रांत दरमहा ३७० रुपये वांचतात, आणि जास्त घातलेले ८,००० रुपये सुमारें २२ महिन्यांत परत येतात. महिन्यास २० च पानें निघत असतील तर तेवढ्यालाच ९ वर्षें लागतील; तोंपर्यंत यंत्र तरी राहील कीं नाहीं कोण सांगावें ! म्हणून प्रथम आपलीं पानें मोजावीं. पानांचे जे आंकडे खोक्यावर छापलेले असतात ते एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या ठरीव नमुन्यावरून काढलेले असतात. लहान कार्ट्रिजवर शंभर-दीडशेंपासून चार-पांचशें पानांचा आंकडा दिसतो. टाकीच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीवर साडेचार हजारांपर्यंतचा. भरगच्च चित्रें छापणाऱ्याला दोन्हीकडे कमीच मिळतील. परंतु प्रमाण लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसरी गोष्ट, टाकी बाहेरून दिसते कीं नाहीं, आणि ती भरतांना पिचकारी, सुई, हातमोजे असा कांहीं खटाटोप करावा लागतो कीं काय, हें दुकानांत समक्ष पाहावें. कांहीं यंत्रांत प्रत्येक रंगाच्या बाटलीचें तोंड वेगळ्या आकाराचें असतें, त्यामुळें निळी शाई पिवळीच्या टाकींत ओतण्याची चूक होऊंच शकत नाहीं. घरांत मुलें वा वृद्ध असतील तर हा गुण फार मोलाचा. बाटली सांगली-मिरजेच्या बाजारांत सहज मिळते कीं मुंबई-पुण्याहून मागवावी लागते, हेंहि आधींच विचारावें.

तिसरी गोष्ट हेडाची. कार्ट्रिजच्या यंत्रांत हेड बुजलें तर डबी बदलून सुटका होते. टाकीच्या यंत्रांत हेड आंतच राहतें. कांहीं जातींत तें सुटें काढून बदलतां येतें, कांहींत तें काम कारागिराकडूनच करवावें लागतें. टाकीचें सुख या एका जबाबदारीसह येतें, हें विकणारे क्वचितच सांगतात. उपाय सोपा आहे : आठवड्यांतून एखादें रंगीत पान काढावें, यंत्र बंद करतांना भिंतीवरील बटन न दाबतां यंत्राचेंच दाबावें, म्हणजे हेड आपल्या झांकणाखालीं जाऊन बसतें, आणि टाकींतील शाई खालच्या रेघेच्या खालीं जाऊं देऊं नये, नाहींतर नळ्यांत हवा शिरते. हेड धुतांना वाया जाणारी शाई आंतल्या एका गादींत जिरते. ती भरल्यावर घरच्या घरीं बदलतां येते किंवा नाहीं, हाहि प्रश्न खरेदीच्या वेळींच विचारण्याजोगा.

आणि ज्याला महिन्याकाठीं चारच पानें लागतात, त्यानें यांतलें कांहींच घेऊं नये. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांत जावें, किंवा फक्त काळें छापावयाचें असेल तर लेसर प्रिंटर पाहावा. त्यांत शाईऐवजीं पूड असते, ती वाळून बसण्याचें भय नाहीं. दौत भरण्याचा अधिकार चांगला, पण लिहिण्याची संवयच नसेल तर दौत वाळणारच. हें काजळाच्या दौतीलाहि लागू होतें.

चौथी गोष्ट मात्र आम्ही बाजारांत शिकलों नाहीं. ती कृष्णेनें शिकविली. २०१९ च्या ऑगस्टांत नदीचें पाणी सांगलींत शिरलें, तेव्हां गांवभागांत राहणारे आमचे चुलतबंधु सहकुटुंब आमच्याकडे विश्रामबागेंत आले. पाणी ओसरल्यावर ते घरांतून एक भिजलेलें कागदांचें गांठोडें घेऊन आले, आणि आम्ही सर्वांनीं मिळून तीं पानें दोऱ्यांवर वाळत घातलीं. पणजोबांची हस्तलिखित पोथी फुगली होती, पण तिचें अक्षर शाबूत होतें. काकूंचीं माहेराहून आलेलीं निळ्या शाईचीं पत्रें अर्धीं धुवून गेलीं होतीं. आणि पुतणीच्या लग्नांत हौसेनें घरच्या प्रिंटरवर छापलेल्या, घराण्याच्या चार पिढ्यांच्या वंशावळीच्या जागीं जांभळट डाग तेवढे उरले होते. तिची दुसरी प्रत नव्हती. ती सांगणारे वृद्धहि आतां नव्हते. वहिनी तो कागद हातांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं.

त्याचें कारण मागाहून समजलें. प्रिंटरची शाई दोन जातींची असते. एकींत रंग पाण्यांत विरघळलेला असतो; ती चमकदार दिसते, पण पाण्यानें पसरते. दुसरींत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेविलेले असतात. पाणी उडून गेलें कीं ते कागदाच्या तंतूंस धरून बसतात. या दुसऱ्या जातीच्या काळ्या शाईंतील कण कशाचे असतात ? काजळीचे; आपल्या देवघरांतल्या काजळाचे सख्खे भाऊबंदच म्हणा ना ! दोन हजार वर्षें माणसानें जें दिव्यावर धरलें, तेंच कारखान्यांत शुद्ध करून या केसाहून बारीक छिद्रांतून उडविलें जातें. कच्ची आणि पक्की हा आपल्या पूर्वजांचा भेद अजून तसाच कायम आहे. आपण मात्र तो विसरलों, आणि वंशावळ कच्च्या शाईंत लिहून ठेविली. पुष्कळशा टाकीच्या यंत्रांत काळी शाई पक्की व रंगीत कच्ची असते, कांहींत चारहि कच्च्या असतात. जपून ठेवण्याचे कागद ज्याला घरींच छापावयाचे आहेत त्यानें हें विचारल्यावांचून यंत्र घेऊं नये. आणि एकीच्या टाकींत दुसरी चुकूनहि ओतूं नये.

आम्ही शेवटीं टाकीचा एक प्रिंटर घेतला. तो कोणत्या कंपनीचा हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चार ठिकाणीं चार चांगलीं यंत्रें मिळतात, आणि आज चांगलें असलेलें उद्यां तसेंच राहील याची हमी कोणी द्यावी? पहिल्या दिवशीं भाचीनें काळी बाटली टाकीवर उपडी धरली. शाईची पातळी हळूहळू चढतांना बाहेरून स्पष्ट दिसत होती. बाटली उचलतांना एक थेंब तिच्या बोटाला लागला, आणि साबणानें दोन वेळां धुवूनहि तो डाग गेला नाहीं. "मामा, ही पक्की दिसते," ती हंसून म्हणाली.

त्या यंत्रावर आम्ही प्रथम छापली ती वंशावळ. चुलतबंधूंना जेवढी आठवली तेवढी, आणि जेथें आठवली नाहीं तेथें जागा मोकळी सोडून. तिच्या तीन प्रती काढल्या : एक गांवभागांत, एक विश्रामबागेंत, आणि एक दूरगांवीं दिलेल्या पुतणीकडे. मोकळ्या जागा भरून निघतील तेव्हां निघतील. शाई आतां कोणाला मागावी लागणार नाहीं.